शून्य काजव्यांची कार्यशाळा

धोंगडे सरांनी दोन नाणी टेबलाच्या कडेवर ठेवली, तेव्हा आपणच काढलेला पेपर आपल्याच हातात पडल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला होता. एक नाणं टिचकी मारून पुढे उडवायचं आणि त्याच क्षणी दुसरं सरळ खाली सोडायचं. जमिनीवर आधी कोणतं पोचेल? हे उदाहरण सर तीस वर्षं फळ्यावर सोडवून घेत आले होते.

"दोन्ही एकदम," ते म्हणाले. "आडव्या वेगाचा उभ्या पडण्याशी काही संबंध नाही. लिहून घ्या."

शेवटचे दोन शब्द सवयीने निघाले. समोर विद्यार्थी नव्हते, लातूर जिल्ह्यातले भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. तरी दोघातिघांनी खरंच लिहून घेतलं.

नाणी पडली. दोन्ही एकदम. आणि सरांच्या कॉलरवर लावलेला हरभऱ्याएवढा दिवा लख्ख पिवळा पेटला.

सभागृह असं हसलं की खिडकीतली कबुतरं उडाली. सरांनी मान वाकडी करून दिव्याकडे पाहिलं.

"बॅटरी तापली असेल."

"बॅटरी थंड आहे सर," कार्यशाळा घेणारे डॉ. सौमित्र उपासनी म्हणाले. "तुम्ही तोंडाने दोन्ही एकदम म्हणालात. पण आतून वाटत होतं, सरळ पडणारं आधी पोचेल. हो ना?"

"तीस वर्षं शिकवलंय मी हे."

"शिकवलंय. कधी पाडून बघितलंय?"

"मग पोर्शन कधी संपवायचा?" सर म्हणाले. यावर मात्र कोणी हसलं नाही. सभागृहात त्या एका प्रश्नावर तरी संपूर्ण एकमत होतं.

हा दिवा म्हणजे उपासनींच्या दहा वर्षांच्या मेहनतीची कमाई. कागदोपत्री त्याचं नाव अपेक्षाभंगमापक. शिक्षकांनी पहिल्याच चहाला त्याचं बारसं करून 'काजवा' ठेवलं आणि तेच टिकलं.

काजव्यामागचं शास्त्र सोपं होतं. माणसाचा मेंदू जग नुसतं बघत बसत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज तो आधीच बांधून ठेवतो आणि डोळ्यांकडून, कानांकडून, हातांकडून फक्त त्याची पावती मागतो. अंधारात जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, की पोटात खड्डा पडतो. ती पावती चुकल्याची खूण. अंदाज मोडला की डोळ्यांची बाहुली किंचित रुंदावते आणि डोक्यात विजेची एक बारीक लाट उठते. हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं, पण ती लाट पकडायला मोठी प्रयोगशाळा लागायची. उपासनींनी ते काम चष्म्याच्या काडीत आणि कानामागच्या एका चकतीत बसवलं. अंदाज मोडला की कॉलरवरचा दिवा पेटायचा. त्याला फसवता येत नव्हतं. पाठांतर जिभेचं होतं, बाहुलीचं नव्हतं.

उपासनींचा मूळ विचार चांगला होता. शिक्षकांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत, आपला अंदाज कुठे मोडतो ते बघावं, मग वर्गात जावं. पण चांगला विचार वरच्या कार्यालयात गेला की तो तिथल्या मापाने कापला जातो. ज्याला विषय येतो तो चकित कशाला होईल, असा तिथल्या कुणा हुशार माणसाने हिशेब मांडला आणि परिपत्रक निघालं. ज्या शिक्षकाचा काजवा चाचणीत एकदाही पेटणार नाही, त्याच्या शाळेची प्रयोगशाळा चालू राहील. बाकीच्यांच्या खोल्यांना कुलूप लागेल आणि मुलांना आभासी प्रयोगांचे चष्मे मिळतील. उपासनींना ते पटलं नव्हतं. पण त्याच परिपत्रकात राज्यभरासाठी काजवे विकत घेण्याची मंजुरीही होती, त्यामुळे न पटलेलं त्यांनी मनातच ठेवलं. मोठी माणसं मनात बरंच ठेवू शकतात.

या नियमाखाली सगळ्यात आधी जी भरडली जाणार होती ती म्हणजे कालिंदी बिरादार.

कालिंदी उदगीरच्या एका मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. तिची अडचण अशी की तिचा काजवा कायम पेटायचा. लंबकाचा गोळा जड केला तरी झोक्याचा वेळ बदलत नाही, हे ती दरवर्षी मुलींना करून दाखवायची, आणि दरवर्षी तिला स्वतःलाच ते नवल वाटायचं. पहिल्या कार्यशाळेत तिचा दिवा इतक्या वेळा पेटला की शेजारच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, तुमचं लग्नाच्या मांडवासारखं का चाललंय?"

तिचा नवरा मन्मथ बिरादार गावातल्याच दुसऱ्या शाळेत हाच विषय शिकवायचा. दोघांनी एकाच विषयात पदवी घेतली, एकाच वर्षी नोकरीला लागले आणि घरी भांडायलासुद्धा त्यांना न्यूटन पुरायचा. मन्मथ व्यवहारी माणूस. परिपत्रक वाचून झाल्यावर त्याने वाद घातला नाही, उपाय शोधला. एकच प्रयोग इतक्या वेळा करायचा की मेंदूला त्याचा कंटाळा यावा. कंटाळलेला मेंदू चमकत नाही. चाचणीच्या प्रयोगांची पेटी प्रत्येक शिक्षकाला घरी मिळाली होती. मन्मथने आपली आणि बायकोची अशा दोन्ही पेट्या घेतल्या आणि दर रविवारी हॉलमध्ये काजवा विझवण्याचे वर्ग सुरू केले. लांब लांबचे शिक्षक यायचे. धोंगडे सर तर चहाच्या वेळेआधीच हजर असायचे.

एका संध्याकाळी कालिंदी शाळेतून आली, तर मन्मथ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. डोळ्यांवर तो चष्मा, कॉलरवर दिवा, एका हातात तांब्याची नळी. वरून चुंबक सोडायचा, खालून झेलायचा. पुन्हा सोडायचा.

"बघ," तो म्हणाला. "सकाळपासून एकदाही नाही."

"छान. आज आमच्या शाळेचं छत कोसळलं."

दिवा गप्प.

"कुणाला लागलं का?" त्याने नळीवरची नजर न काढता विचारलं.

"मी पळून जाऊन दुसरं लग्न करतेय. उद्या."

"गाडी नेऊ नकोस, सर्व्हिसिंगला द्यायचीय."

कालिंदी हसली. मग तिची नजर त्या न पेटलेल्या दिव्यावर जरा जास्तच वेळ राहिली. लग्नाआधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा माणूस प्रकाशकिरण भिंगातून वळला तरी हातातलं सगळं टाकून तिला हाक मारायचा.

"अहो, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसली?"

"याची सवय लागायची."

"मला भीती वाटते तुझी लॅब जायची," मन्मथ म्हणाला. त्याने चुंबक ओट्यावर ठेवला. "रविवारी वर्गाला बसत जा गं. कशाला हट्ट? लोक दुसऱ्या तालुक्यांतून येतात आणि घरची बाई बसत नाही. धोंगडे सरसुद्धा विझले."

"ते आधीच विझलेले होते. तुम्ही नुसतं प्रमाणपत्र दिलंत."

"विनोद कर. त्या खोलीला कुलूप लागलं की मग बघ. चष्म्यात सगळं दिसतं म्हणतात. चुंबक पडून फुटत नाही, काचा फुटत नाहीत, कुणी भाजत नाही."

"तेच तर. कुणाला काही होतच नाही."

तिने पेटीला हात लावला नाही. ती शाळेतच सराव करायची, मुलींसोबत. तिच्याकडे एसी बसवणाऱ्याकडून मागून आणलेला तांब्याच्या जाड नळीचा एक तुकडा होता. लोखंडाला ओढणारा चुंबक तांब्याला ओढत नाही, तरीही नळीतून सोडला की काकवीत बुडाल्यासारखा हळूहळू खाली येतो. मुली आळीपाळीने नळीला कान लावायच्या आणि आतला चुंबक कुठे पोचला त्यावरून भांडायच्या. शाळेला मिळालेले चार काजवे कालिंदीने मुलींना लावून पाहिले होते. तिच्या एक लक्षात आलं होतं. तिचा दिवा पेटला की मुलींचेही पेटायचे. ती कोरडेपणाने सांगायला लागली की सगळा वर्ग अंधारात. ही गोष्ट कोणाला सांगावी हे मात्र तिला कळत नव्हतं. परिपत्रकात त्यासाठी रकाना नव्हता.

चाचणी लातूरला होती. त्या दिवशीच्या गटाला दोन नळ्यांचा प्रयोग आला. एक नळी ॲल्युमिनियमची, एक तांब्याची, लांबी-रुंदी सारखी. चुंबक नळीतून पडू लागला की नळीच्या अंगात विजेचे भोवरे उठतात आणि ते चुंबकाला मागे रेटतात. ज्या धातूतून वीज सहज वाहते त्यात भोवरे जोरकस, म्हणून ब्रेकही जोरकस. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा सरस, म्हणून तांब्यात चुंबकाला जास्त वेळ लागतो. पेटीतल्या कार्डावर कृती छापली होती. आधी ॲल्युमिनियमच्या नळीत चुंबक सोडा, मोठ्याने आकडे मोजा. मग तांब्याच्या.

कालिंदीच्या आधी आठ जण होऊन गेले. प्रत्येकाने पहिल्या नळीला संथपणे "एक... दोन... तीन" मोजलं. दुसऱ्या नळीला "एक, दोन, तीन, चार, पाच". प्रत्येकाने तांब्यात वेळ जास्त लागला असं जाहीर केलं. एकाचाही दिवा पेटला नाही. सातवे धोंगडे सर होते. ते उतरताना हात जोडून सगळीकडे असे फिरले, जणू निवडून आले होते. आठवा मन्मथ. त्याने सगळं इतक्या निर्विकारपणे केलं की परीक्षकांपैकी एकाला जांभई आली. मन्मथ पहिल्या रांगेत येऊन बसला आणि त्याने बायकोला डोळ्यांनीच धीर दिला.

कालिंदी टेबलाशी गेली. तिने ॲल्युमिनियमची नळी उचलली, ठेवली. तांब्याची उचलली.

दिवा पेटला.

"मॅडम," उपासनी ओशाळून म्हणाले, "अजून प्रयोग सुरूही झाला नाही."

मागून खसखस पिकली. कालिंदीला स्वतःलाही कळेना की कशाने पेटला. मन्मथने कपाळाला हात लावला. "करू का पूर्ण?" तिने विचारलं. उपासनींनी मान हलवली. खरं तर एकदा पेटला की निकाल लागलेला असे, पण बाई रडतील या भीतीने परीक्षक नेहमी जरा सवलत देतात.

तिने पहिल्या नळीत चुंबक सोडला. आकडे मोजले. दुसऱ्या नळीत सोडला. तोंडात "तीन" होतं आणि चुंबक टेबलावर टक्‌कन आपटला. दिवा पुन्हा पेटला.

"काही हरकत नाही मॅडम," उपासनी म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा संधी आहे."

पहिल्या रांगेतून मन्मथ हाताने खुणावत होता. ये. बस खाली. तिला त्याचं म्हणणं शब्दांशिवाय ऐकू येत होतं. महिनाभर सराव करू, पुढच्या वेळी होईल, तोपर्यंत कुलूप लावायचं मी लांबवतो. हा सल्ला वाईट नव्हता.

पण तिने तांब्याची नळी पुन्हा तळहातावर घेतली आणि मघाशी हात का चमकला हे तिला कळलं. त्या क्षणी तिच्या मनात एक दुसराच हिशेब उभा राहिला. ही गोष्ट बोलली तर आठ जणांचा निकाल जाईल. आणि त्या आठांत जो सगळ्यात मोठा पडेल तो घरचा असेल. ज्याने महिनाभर ही नळी हातात घेऊन अर्ध्या जिल्ह्याला शिकवलं, त्याला ती भरल्या सभागृहात उघडं पाडणार. न बोलली तर फक्त तिचीच खोली जाईल, आणि तीही महिनाभराने कदाचित वाचेल.

"उपासनी सर," ती म्हणाली, "ही नळी तांब्याची नाही."

"वा!" धोंगडे सर मागून म्हणाले. "काजवा ह्यांचा पेटला आणि दोष नळीला!"

सभागृह हसलं. उपासनी हसले नाहीत, पण त्यांचा आवाज कडक झाला. "मॅडम, याच नळीवर तुमच्या आधी आठ जणांनी प्रयोग केला. आठही जणांना अपेक्षित उत्तर आलं."

"आलं नाही. त्यांनी मोजून आणलं." तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. "अहो, जरा वर येता का?"

भर सभेत बायकोने 'अहो' म्हटलं की महाराष्ट्रात हशा होतोच. तो झाला. मन्मथ उठला. चढताना तो फक्त तिला ऐकू जाईल असं पुटपुटला, "काय करायलीस तू? घरी बोलू की."

"घरी ऐकत नाही तुम्ही. एकदा मोजून दाखवा."

त्याने मोजून दाखवलं. एक... दोन... तीन. आणि मग, एक, दोन, तीन, चार, पाच. दिवा थंड.

"आता मोजायचं नाही," कालिंदी म्हणाली. "नुसतं ऐकायचं. तुम्ही दोन्ही नळ्या धरा. मी दोन्ही चुंबक एकदम सोडते. तांबं खरं असेल तर आधी एक टक वाजेल, मग दुसरा."

कार्डावर असं काही छापलेलं नव्हतं. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण तोवर तिने चुंबक सोडले होते.

टक.

कोणीतरी खोकलं. "पुन्हा," उपासनी म्हणाले. ते आता खुर्चीच्या कडेवर आले होते.

टक. एकच.

पहिला दिवा मागच्या रांगेत पेटला. मग त्याच्या शेजारी. मग धोंगडे सरांचा. त्यांनी तो घाईने हाताने झाकला, पण बोटांच्या फटींतून पिवळा उजेड गळत राहिला. आठ जणांनी दोन वेगळ्या गतींनी आकडे मोजले होते. लबाडी कोणाच्याच मनात नव्हती. प्रॅक्टिकलच्या वहीत वर्षानुवर्षं उत्तर आधी लिहून मग रीडिंग जमवायची ज्यांना सवय, त्यांच्या जिभेनेही उत्तराच्या सोयीने आकडे पळवले होते, इतकंच.

मन्मथ अजून दोन्ही नळ्या धरून उभा होता. त्याचा दिवा पेटला नव्हता. कालिंदी त्याच्याकडे बघू शकत नव्हती. त्याने ॲल्युमिनियमची नळी खाली ठेवली. दुसरी दोन्ही तळहातांवर आडवी घेतली, भाजीवालीकडे दोडका जोखतात तशी. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, हे तो दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचा.

"हलकी आहे गं," तो म्हणाला.

आणि त्याचा दिवा पेटला. त्या महिन्यात पहिल्यांदाच. डोळे मोठे झाले होते, तोंड अर्धवट उघडं होतं. चाळिशीतला तो माणूस एकदम कॉलेजातल्या मुलासारखा दिसला.

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि नळीवर जोरात एक रेघ ओढली. लाल मुलाम्याखालून पांढरा धातू चकाकला.

"ॲल्युमिनियम," त्याने नळी सभागृहाला दाखवली. "वर तांब्याचा मुलामा. कंत्राटदाराने सगळ्याच पेट्यांत हेच भरलं असणार. माझ्या घरी दोन आहेत, महिनाभर हातात होत्या." तो उपासनींकडे वळला. "सर, माझं शून्य काढून टाका. ते खरं नव्हतं."

"खरं होतं," उपासनी हळूच म्हणाले. त्यांनी समोरच्या पडद्यावर आठ जणांच्या नोंदी उघडल्या होत्या. आठ सपाट रेघा. खाली नववी, दोन उंच शिखरांची. "यंत्र बरोबरच सांगत होतं. तुम्ही आठ जण बघतच नव्हता. मॅडम बघत होत्या." मग ते म्हणाले, "आणि मीही बघत नव्हतो. आठ वेळा समोर निसर्गाने चुकीचं उत्तर दिलं आणि मी—"

"निसर्गाचं उत्तर बरोबर होतं सर," कालिंदी म्हणाली. "प्रश्नपत्रिका चुकली होती."

या वेळी जे हसू उठलं त्यात आठही जण सामील होते. मग तिने मुलींच्या काजव्यांबद्दल सांगितलं. शिक्षकाचा पेटतो तेव्हाच वर्गाचा पेटतो, हे. उपासनी ऐकत राहिले. परिपत्रक निघाल्यापासून मनात ठेवलेलं त्यांना तिथे बाहेर काढावं लागलं. त्यांनी त्या जागीच सगळ्या गटाचा निकाल रद्द केला. एक सोडून. त्या एकीला त्यांनी पुढची कार्यशाळा घ्यायला सांगितलं.

वरच्या कार्यालयाने यथावकाश नवं परिपत्रक काढलं. त्यात लिहिलं होतं की आधीच्या परिपत्रकाचा क्षेत्रीय पातळीवर चुकीचा अर्थ लावण्यात आला. असो. कार्यालयांना इज्जतीने माघार घेता यावी म्हणूनच परिपत्रकांची भाषा जन्माला आली आहे. प्रयोगशाळांची कुलपं निघाली, कंत्राटदाराला नवं तांबं भरून द्यावं लागलं, आणि आभासी चष्मे ज्या शाळांना हवे होते त्यांनी ते भूगोलाला दिले.

कालिंदीची पहिली कार्यशाळा तिच्याच शाळेत, उदगीरला झाली. तिने दोनच अटी घातल्या होत्या. घेणाऱ्यानेही काजवा लावायचा. आणि एक तरी प्रयोग असा हवा की ज्याचं उत्तर घेणाऱ्यालाही ठाऊक नाही.

दुसरी अट ऐकून धोंगडे सर हादरले होते. "आपल्यालाच माहीत नसेल तर शिकवायचं काय?"

"तेच बघू," कालिंदी म्हणाली.

तो प्रयोग मन्मथने सुचवला. रविवारचे वर्ग बंद झाल्यापासून त्याच्या डोक्यात पुन्हा वळवळ सुरू झाली होती. भाकरी मोडता मोडता त्याने एकदा विचारलं होतं, "ही फसवी नळी खूप गार केली तर गं?" धातू गार झाला की त्यातले अणू कमी थरथरतात, वीज मोकळी वाहते, ब्रेक वाढतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. शुद्ध ॲल्युमिनियम असतं तर पुस्तकातल्या तक्त्यावरून गणित मांडता आलं असतं. पण कंत्राटदाराने भंगारातलं काय काय वितळवून त्यात घातलं होतं ते त्यालाच ठाऊक. अशा मिश्रणात परके अणू मध्ये येतात, आणि गार केलं तरी वीज अडखळत राहू शकते. म्हणजे उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

गारवा मिळाला गुरांच्या दवाखान्यातून. तिथे वळूंचं वीर्य गोठवून ठेवायला द्रवरूप नायट्रोजन असतो, शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश. डॉक्टरांनी कॅन देताना विचारलं, "मास्तर लोकांना कशाला पाहिजे हे? कुणाची पैदास करायलात?"

"शास्त्रज्ञांची," मन्मथ म्हणाला. डॉक्टर काम सोडून बघायला आले.

प्रयोगशाळेत खुर्च्या पुरेनात. शिक्षक टेबलांवर, खिडक्यांत, एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून उभे. उपासनी पुण्याहून आले होते आणि काजवा लावून सगळ्यांत मिसळून बसले होते. समोर एका बाजूला एसीवाल्याची खरी तांब्याची नळी, खोलीच्या उकाड्यात. दुसऱ्या बाजूला तिच्याच मापाची, किल्लीच्या ओरखड्याची फसवी नळी, चिमट्याने वाफाळत्या कॅनमध्ये बुडवलेली.

"बोला," कालिंदी म्हणाली. "आधी कुठला चुंबक पडणार?"

एकच गलका झाला. "खोट्यातला! तांबं ते तांबं!" "मुळीच नाही, इतक्या गारठ्यात—" "भंगार आहे हो ते, भंगाराला गारठ्याचं काय!" उपासनी आणि धोंगडे सर एकमेकांच्या अंगावर ओरडत होते आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

"तुमचं काय म्हणणं?" तिने मन्मथला विचारलं.

"तांबं जिंकणार. तांब्यातला मागे राहणार. तुझं?"

"माझं उलटं."

"कशावरून?"

"कशावरूनही नाही. वाटतंय."

"हे शास्त्र नाही झालं, बिरादार बाई."

"सुरुवात झाली, बिरादार सर."

तिने चामड्याच्या हातमोज्याने नळी बाहेर काढली. क्षणात तिच्यावर पांढरं दव चढलं आणि वाफेचे लोट टेबलावरून खाली ओघळले. मन्मथने खरी नळी धरली. दोघांनी चुंबक नळ्यांच्या तोंडाशी नेले, एकमेकांकडे पाहिलं, मान हलवली आणि सोडले.

गलका एकदम थांबला. बाहेर मैदानात मुली खो-खो खेळत होत्या, तेवढाच आवाज.

टक.

सगळ्यांच्या माना वळल्या. तो मन्मथच्या नळीतून पडला होता. खऱ्या, जड, अस्सल तांब्यातून. गोठलेल्या भंगारातून काहीच आलं नव्हतं. कालिंदी नळीत डोकावली नाही, तिने श्वास धरला होता. इतका वेळ लागेल असं तिलाही वाटलं नव्हतं, तिचा दिवा पेटला. मन्मथचा पेटला. मग उपासनींचा, खिडकीतल्यांचा. दाराशी उभ्या गुरांच्या डॉक्टरांच्या अंगावर दिवा नव्हता म्हणून त्यांनी नुसती तोंडावर हात ठेवून साथ दिली. भरदुपारी ती खोली पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेली, आणि त्या शांततेत धोंगडे सर टेबलावर चढले, सफारीला दव लागत असताना नळीजवळ कान नेऊन, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला 'लिहून घ्या' न म्हणता ओरडले,

"अजून आलाच नाही! अहो, अजून आलाच नाही!"